रानावरून जाणारी हायटेन्शन लाइन बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कृष्णाकाठचा शेतकरी. नोकरी वीज उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून झाली, सत्तावीस वर्षं. आमच्या रानातला टॉवर वडिलांच्या हयातीत उभा राहिला. त्याच्या जुन्या तारा उतरवून नव्या ओढायचं काम आलं, तेव्हा मी निवृत्त होऊन घरी होतो. त्या दिवसांत पारावर, सोसायटीत, कारखान्याच्या गट ऑफिसात लोकांनी मला जे विचारलं ते इथं लिहून ठेवतोय. पलूस, वाळवा, तासगाव, कराड, पाटण, कुठंही असं काम निघालं तरी प्रश्न हेच असतात.

जुनी लाइन व्यवस्थित चालू आहे, मग बदलायची कशाला?

कारण तिच्यावरचं ओझं बदललं. आपल्याकडच्या लाइनींचं मूळ कोयनेत आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पोफळीला वीज तयार व्हायला लागली, ती घाट चढून कराडकडं आली आणि तिथून पुढं फाटे फुटले. आज कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. ज्या काळात टॉवर उभे राहिले, तेव्हा गावात पाण्याच्या दोन-चार मोटारी आणि संध्याकाळचे दिवे एवढाच भार होता. नंतर ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजना आल्या. टेंभूचं पाणी कराड तालुक्यातून उचलून आटपाडीपर्यंत जातं, आणि ते टप्प्याटप्प्यानं वर चढवायला जे पंप लागतात ते साधे नव्हेत. औद्योगिक वसाहती वाढल्या, घरोघरी विहिरीवर मोटार आली.

दुसरी गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. पूर्वी वीज एकाच बाजूनं यायची. आता चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या, जत भागातल्या पवनचक्क्या, साखर कारखान्यांची सहवीजनिर्मिती आणि सौर प्रकल्प, हे सगळे वेगवेगळ्या ठिकाणांहून त्याच तारांत वीज सोडतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीतून दिवसा पाणी पाजायला वीज मिळावी अशी आपलीच मागणी होती. त्यासाठी मागचं जाळं मजबूत लागतं. म्हणून लाइनीचं काम गरजेचं आहे असं मी मानतो. पण गरजेचं आहे म्हणून ते कसंही केलेलं चालेल, हे मला मान्य नाही.

अपग्रेड म्हणजे नक्की काय करतात?

तीन प्रकार असतात. आपल्या रानात कोणता होणार हे पहिल्याच दिवशी विचारा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

पहिला, टॉवर तेच ठेवून फक्त तारा बदलणं. जुनी तार म्हणजे मधे पोलाद आणि भोवती ॲल्युमिनियम, तिला एसीएसआर म्हणतात. जास्त वीज गेली की ती तापते, तापली की लांबते आणि खाली झोल पडतो. साधारण ७५ ते ८५ अंशांच्या पुढं तिला नेता येत नाही. तिच्या जागी एचटीएलएस, म्हणजे जास्त तापली तरी कमी झोल देणाऱ्या जातीची तार टाकली, तर ती दीडशे अंशांच्या वरही तग धरते. त्याच टॉवरवरून जवळपास दुप्पट वीज जाऊ शकते. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा सगळ्यात कमी त्रासाचा प्रकार.

दुसरा, आहेत त्या टॉवरवर दुसरी बाजू भरणं. काही टॉवर दोन सर्किटांसाठी, म्हणजे तारांच्या दोन वेगळ्या संचांसाठी बांधलेले असतात आणि एकाच बाजूला तारा असतात.

तिसरा, व्होल्टेजच वाढवणं, म्हणजे ११० किंवा १३२ केव्हीची लाइन काढून २२० ची करणं (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट). इथं टॉवर नवे, पाया नवा आणि लाइनीखालचा पट्टाही रुंद होतो. काम जुन्याच मार्गावरून गेलं तरी कागदावर याला नवीन लाइन समजून प्रश्न विचारा.

व्होल्टेज वाढवण्यापेक्षा तारा जाड का करत नाहीत?

जाड तार जड असते, तिला टॉवरही दणकट लागतो. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढीच वीज निम्म्या करंटात जाते, आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज एक चतुर्थांशावर येते. हिशेब त्याच बाजूनं झुकतो.

लाइन आमच्या डोक्यावरून जाते, मग आमच्या घरातली वीज का जाते?

आई-बहिणींकडून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यातला राग रास्त आहे. २००५ साली वीज मंडळाचं विभाजन झालं. महानिर्मिती वीज तयार करते, महापारेषण मोठ्या टॉवरवरून ती वाहून नेते, महावितरण गावात पोचवते. डोक्यावरची लाइन महामार्गासारखी आहे, गावासमोरून जाते पण गावात वळत नाही. तुमचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपण डीपी म्हणतो तो, ३३ केव्हीच्या उपकेंद्रातून येणाऱ्या ११ केव्हीच्या फीडरवर असतो. मोठी लाइन सुधारली तर उपकेंद्राला मिळणारा दाब, म्हणजे व्होल्टेज, सुधारतो, उन्हाळ्यात भार कापायची वेळ कमी येते. पण गावातली सडलेली एलटी, म्हणजे घराकडं येणारी कमी दाबाची तार आणि जळालेला डीपी यानं बदलत नाही. बैठकीत महावितरणचा माणूसही बोलवा. दोघं समोरासमोर असले की हे त्यांचं काम, ते यांचं काम, असं होत नाही.

मी परवानगी दिली नाही तर काम थांबेल का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे आधीच समजून घेतलेलं बरं. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ खाली पारेषण कंपनीला १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देता येतात. ते मिळाले की प्रत्येक मालकाची संमती घेणं बंधनकारक राहत नाही, सर्वोच्च न्यायालयानंही हे मान्य केलंय. कोणी अडवलं तर कंपनी जिल्हाधिकाऱ्यांकडून आदेश आणू शकते.

पण त्याच तार कायद्याची दुसरी बाजू आपली आहे. कलम १० सांगतं की जमिनीची मालकी तुमचीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. नुकसान कमीत कमी करायचं आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची. रक्कम अपुरी वाटली तर कलम १६ खाली जिल्हा न्यायाधीशांकडं अर्ज करता येतो.

म्हणून जोर कुठं लावायचा ते ठरवा. तारा ओढायच्या दिवशी ट्रॅक्टर आडवा लावून फार हाती लागत नाही. सर्व्हे चालू असतो, खुंट्या मारल्या जात असतात, तेव्हा मात्र टॉवर काही मीटर मागं-पुढं घेता येतो. रानाच्या मधोमध टॉवर पडला तर नांगराला, कल्टिव्हेटरला, ठिबकच्या ओळीला कायमचा अडथळा. तोच बांधाच्या कोपऱ्यात गेला तर अर्धा त्रास वाचतो. सरळ रेषेतला टॉवर त्याच रेषेत सरकवणं सोपं असतं, वळणावरचा सरकवणं अवघड. खुंटी दिसली की त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या, सोबत रानाचा हातानं काढलेला नकाशा जोडा आणि पोच घ्या.

मोबदला किती आणि कशाचा मिळतो?

इथं जरा थांबून वाचा, कारण लोकांचं सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं.

मोबदल्याचे तीन भाग आहेत: टॉवरच्या पायाखालची जमीन, तारांखालचा पट्टा, आणि उभं पीक व झाडं. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं ऑक्टोबर २०१५ मध्ये पायासाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि पट्ट्यासाठी १५ टक्क्यांपर्यंत असं सांगितलं होतं. १४ जून २०२४ च्या नव्या सूचनांत पायासाठी २०० टक्के आणि पट्ट्यासाठी ३० टक्के केलं. ६६ केव्ही आणि त्यावरच्या टॉवरच्या लाइनींना हे लागू आहे. पाया मोजताना चार पायांमधली जागा आणि प्रत्येक बाजूला एक मीटर जादा धरायची असते. या केंद्राच्या सूचना आहेत, प्रत्यक्षात पैसे राज्याच्या शासन निर्णयाप्रमाणं मिळतात. म्हणून नोटीस हातात आली की ती कोणत्या शासन निर्णयाखाली आहे, त्याचा क्रमांक आणि तारीख विचारा.

आता हिशेब करू. २०२४ चे दर धरू आणि सोपं जावं म्हणून जमीन गुंठ्याला एक लाख धरू. टॉवरचे पाय सात मीटर अंतरावर आहेत. दोन्ही बाजूंना एकेक मीटर धरून नऊ बाय नऊ, म्हणजे ८१ चौरस मीटर. गुंठा १०१ चौरस मीटरचा, म्हणजे हे ०.८ गुंठा. दुप्पट दरानं १ लाख ६० हजार. लाइन २२० केव्हीची आहे, तिचा पट्टा ३५ मीटर रुंद, आणि तुमच्या रानातून ती १०० मीटर जाते. म्हणजे ३,५०० चौरस मीटर, साडेचौतीस गुंठे. त्याचे ३० टक्के म्हणजे १० लाख ३५ हजारांच्या आसपास.

गावात भांडण होतं ते टॉवर कुणाच्या रानात यावरून. ज्याच्या रानात टॉवर नाही, नुसत्या तारा जातात, तो म्हणतो आपला काय संबंध, आणि मोजणीच्या दिवशी कामाला निघून जातो. वरचा हिशेब परत बघा. मोठी रक्कम पट्ट्याची आहे. १३२ केव्हीला पट्टा २७ मीटर, २२० ला ३५, ४०० केव्हीला ४६ मीटर धरतात. मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहा, टेप धरणाऱ्याच्या बाजूला उभे राहा.

आणखी एक. सातबारावर जमीन जिरायत लागली असेल आणि प्रत्यक्षात तुम्ही बागायत करत असाल, तर दर जिरायतीचा लागतो. ताकारी-टेंभूचं पाणी आल्यावर खानापूर, कडेगाव, तासगावात किती रानं बागायत झाली, पण नोंद जुनीच. नोटीस यायच्या आधी तलाठ्याकडं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, ती दुरुस्त करून घ्या. ई-पीक पाहणी दर हंगामाला स्वतः भरा, तोच पुढं पुरावा होतो.

रकमेवरून न्यायालयात जायची वेळ आली तर लक्षात ठेवा: केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली सांगितलं की एकच ठोक सूत्र सगळ्यांना लावता येत नाही. जमीन कुठं आहे, लाइन कडेनं जाते की मधोमध, किती क्षेत्र बाधित होतं, हे बघावं लागतं. एकरभर रान आणि त्याच्या बरोबर मधून लाइन, हे दहा एकरांच्या कडेनं जाणाऱ्या लाइनीसारखं नाही.

पिकाचा पंचनामा करताना काय बघायचं?

आमच्या रानात तारा बदलल्या तेव्हा आडसाली ऊस उभा होता. पंचनाम्याचा छापील कागद घेऊन माणूस आला, क्षेत्राचा रकाना मोकळा होता. म्हणाला, सही करा, आकडा ऑफिसात भरतो. चौतीस-पस्तीस वर्षांच्या ओळखीचा माणूस, मी सही केली. आकडा भरला गेला तो प्रत्यक्ष तुडवलेल्या उसापेक्षा तीन गुंठे कमी. तो सुधारून घ्यायला मला सात महिने लागले. मी याच खात्याशी संबंधित नोकरीत होतो तरी माझं असं झालं.

मोकळ्या रकान्याखाली सही करू नका. मोबाइलवर फोटो काढा: काम सुरू व्हायच्या आधी, चालू असताना आणि संपल्यावर, त्यात तारीख दिसू द्या. उसाचा उतारा किती हे सांगायला कारखान्याच्या मागच्या दोन वर्षांच्या पावत्या जोडा. आडसाली उसाचं नुकसान झालं तर त्याचा पुढचा खोडवाही जातो, तो लिहायला लावा. द्राक्षाची वेल तुटली तर ते एका हंगामाचं नुकसान नसतं, नवी वेल धरून फळावर यायला वर्षं जातात. हळदीत बेडं मोडली, ठिबकच्या नळ्या चिरडल्या, जमिनीखालची पीव्हीसी पाइपलाइन जेसीबीखाली फुटली, हे सगळं वेगवेगळं नोंदवा. आणि काळ्या रानात ओल असताना जड गाडी गेली की माती दगडासारखी दबते, दोन-तीन पिकं तिथं नीट येत नाहीत. वाफसा नसताना गाडी घालू देऊ नका, सरळ सांगा.

लाइनीखाली द्राक्षबाग ठेवता येते का?

येते. मांडव दोन मीटरच्या आसपास उंच असतो, २२० केव्हीच्या तारेला जमिनीपासून किमान ७ मीटर अंतर लागतं. उंचीची अडचण नाही. अडचण मांडवाच्या तारांची आहे. लोखंडी अँगल आणि शेकडो फूट लांब तार लाइनीला समांतर गेली की तिच्यात दाब उतरतो, हात लावला की झिणझिण्या येतात. छाटणीला, विरळणीला आलेल्या बाया घाबरून काम सोडून जातात आणि त्यांचं चुकत नाही. उपाय साधा आहे: मांडवाच्या तारांना दोन्ही टोकांना आणि मधे ठरावीक अंतरावर अर्थिंग करणं. हे काम लाइनीच्या कंत्राटात घालून मागा. ठिबकच्या लोखंडी पाइपांना, तारेच्या कुंपणाला आणि पत्र्याच्या शेडलाही हेच लागू.

बागेवर प्लास्टिकचं आच्छादन घालत असाल तर ते घट्ट बांधा. वळवाच्या वाऱ्यात उडालेला कागद तारांत अडकला की लाइन ट्रिप होते, आणि तो काढायला चढणाऱ्याचा जीव धोक्यात येतो.

ऊस घेतला तर चालतो ना?

चालतो. पाचट मात्र लाइनीखाली पेटवायचं नाही. ज्वाळा आणि काजळीचा धूर तारेपर्यंत गेला की हवेची रोधकता कमी होते आणि तारेतून जमिनीकडं ठिणगी पडते. खाली माणूस असेल तर वाचत नाही. उभा ऊस जाळून तोडायची सवय तिथं तरी सोडा. पाचट रानातच कुट्टी करून कुजवलं तर जमिनीलाही फायदा आहे.

नारळ, आंबा, सुबाभूळ, निलगिरी पट्ट्यात लावू नका. उद्या ती तोडली जाणारच.

बोअर मारायचा असेल तर?

पट्ट्याच्या बाहेर. बोअरच्या गाडीचा मनोरा उभा राहिला की तो थेट तारेच्या उंचीत जातो, आणि या दाबाची वीज स्पर्श व्हायची वाट बघत नाही, जवळ आलं तरी उडी मारते. सिंचनाचे ॲल्युमिनियमचे लांब पाइपही लाइनीखाली उभे धरू नका, आडवेच न्या.

घर किंवा प्लॉट लाइनीजवळ असेल तर किती अंतर लागतं?

सुरक्षा नियमांत इमारतीपासून आडवं अंतर १३२ केव्हीला २.९ मीटर आणि २२० केव्हीला ३.८ मीटर, तर छतापासून उभं अंतर अनुक्रमे ४.६ आणि ५.५ मीटर आहे. हे वाऱ्यानं तार जास्तीत जास्त हललेली धरून मोजायचं असतं, त्यामुळे डोळ्यांनी अंदाज बांधू नका. आणि पट्ट्यात बांधकाम नकोच. गुंठेवारीत लाइनीखालचा तुकडा स्वस्तात देणारा तुम्हाला हे सांगणार नाही. १३२ ची लाइन २२० ची झाली तर काल पट्ट्याबाहेर असलेलं घर आज आत येऊ शकतं. असं घर असेल तर सर्व्हेच्या टप्प्यावरच लेखी कळवा.

लाइनीमुळे कॅन्सर होतो का?

तान्ह्या बाळाची आई हे विचारते तेव्हा घाईनं उत्तर देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००२ साली विजेच्या तारांभोवती तयार होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. काही अभ्यासांत, जास्त क्षेत्रात दीर्घकाळ राहणाऱ्या मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाशी क्षीण संबंध दिसला होता. त्यानं आजार होतोच असं सिद्ध झालेलं नाही. आंतरराष्ट्रीय मर्यादा २०१० पासून लोकांसाठी २०० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं माप) आहे, त्याआधी १०० होती. लाइनीच्या बरोबर खाली ते साधारण २० मायक्रोटेस्लापर्यंत जाऊ शकतं, आणि पन्नास ते शंभर मीटरवर घरातल्या नेहमीच्या पातळीला येतं.

मी माझ्या सुनेला जे सांगितलं तेच सांगतो: लाइनीखाली भांगलण करायला भ्यायचं कारण नाही, पण पाळणा, झोपायची खोली, अंगणवाडी, शाळा पट्ट्यात नको. मोजमाप मागा. उपकरण घेऊन कंपनीचा माणूस अंगणात येऊन आकडा दाखवू शकतो. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.

पावसात लाइन गुणगुणते, ते धोक्याचं आहे का?

नाही. ओलसर हवेत तारेभोवती बारीक विद्युत विसर्जन होतं, त्याचा आवाज. धुक्यातही येतो. पण कडकड आवाज आणि निळी ठिणगी एकाच जागी सतत दिसली तर इन्सुलेटर फुटलेला असू शकतो, ते कळवा.

जमिनीखालून केबल का टाकत नाहीत?

खर्च कित्येक पट आहे, हे एक कारण. दुसरं कारण शेतकऱ्यानं ऐकावं. केबलसाठी सलग चर खणावा लागतो आणि त्यावर खोल नांगरट, विहीर, झाड, काहीच करता येत नाही. तारांखाली ऊस घेता येतो, केबलवर सबसॉयलर घालता येत नाही. दाट वस्तीतून लाइन जात असेल तर मात्र केबलचा किंवा कमी जागा खाणाऱ्या मोनोपोलचा, म्हणजे एकाच खांबाच्या टॉवरचा, आग्रह जरूर धरा.

नदीकाठच्या टॉवरचं पुरात काय?

२००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण बघितलेत. नवे टॉवर होणार असतील तर पायाची उंची २०१९ च्या पूररेषेवर ठरवली आहे का, हे विचारा आणि आपल्या घराच्या भिंतीवरची खूण दाखवा. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात, म्हणून पाया मुरमापर्यंत खोल गेलाय का तेही बघा. पुरात पाणी चढलं की तारा आणि पाणी यातलं अंतर तेवढंच कमी होतं. लाइनीखालून बोट नेताना कुणी उभं राहू नये, बांबू किंवा वल्हं वर करू नये.

टॉवरजवळ काय करायचं नाही?

पायाशी उकिरडा किंवा शेणखताचा ढीग घालू नका, लोखंडाचा जस्ताचा मुलामा खाल्ला जातो. पायालगत मुरूम काढू नका. जनावर बांधू नका. आणि कुणी अँगल, नटबोल्ट काढताना दिसला तर त्याच क्षणी फोन करा. चार बोल्ट गेले की पुढच्या वादळात टॉवर वाकतो, आणि एक वाकला की तारांच्या ओढीनं शेजारचेही जातात.

तार तुटून पडली तर?

लांब राहा, तीस-चाळीस फूट तरी. तार शांत पडलीय म्हणजे बंद आहे असं नसतं. ओल्या रानात भोवतालच्या जमिनीतही दाब पसरतो आणि दोन पावलांत अंतर पडलं की अंगातून वीज जाते. जवळ असलात तर पाय न उचलता, घासत घासत मागं या. ट्रॅक्टरवर तार पडली असेल तर वरच बसून राहा. कुणाला ओढायला काठीनं जाऊ नका, या दाबाला काठी पुरत नाही.

प्रत्येक टॉवरवर पाटी असते, तीवर लाइनीचं नाव आणि टॉवरचा क्रमांक लिहिलेला असतो. तुमच्या रानातल्या टॉवरच्या पाटीचा फोटो आजच काढून घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. १९१२ ला किंवा जवळच्या उपकेंद्राला फोन करून ते नाव आणि क्रमांक सांगितलात, तर मी ज्या खुर्चीवर सत्तावीस वर्षं बसलो तिथल्या माणसाला कोणता ब्रेकर पाडायचा हे लगेच कळतं. ‘आमच्या वस्तीच्या मागं, आंब्याजवळ’ असं सांगितलं तर त्याला शोधायला वेळ लागतो.